रावजी तात्यांचे डबे

माणसानं हेवा करायचाच तर बरोबरीच्या माणसाचा करावा. मित्रानं फ्लॅट घेतला, साडूला बढती मिळाली, शेजाऱ्याकडे रंगीत टीव्ही आला, तर पोटात दुखणं रीतीला धरून आहे. मी मात्र खिशात दोन डिप्लोमा आणि छातीवर कंपनीचा बिल्ला लावून आमच्या कारखान्यातल्या केर काढणाऱ्या माणसावर जळत होतो. एकदोन दिवस नव्हे, चांगली सहा वर्षं. आज तात्यांबद्दल लिहायला बसलो आहे तरी पोटात कुठेतरी ते जुनं दुखणं उठतंच आहे. ते लपवून लिहिलं तर तात्यांचं चित्र अर्धंच उतरेल.

आमचा कारखाना अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला. पंख्याचे आणि स्टोव्हचे पत्र्याचे भाग बनायचे. लहानमोठ्या बावीस मशिनी, त्यातल्या बऱ्याचशा प्रेस. प्रेस म्हणजे सोपं काम. पत्रा खाली ठेवायचा, हात काढायचा, पायानं पेडल दाबायचं, वरचा ठोकळा धाडकन खाली येतो आणि पत्र्याला आकार देऊन वर जातो. सगळा खेळ त्या 'हात काढायचा' या दोन शब्दांत. ते शब्द ज्यांच्याकडून एकदा राहून गेले होते असे तीन जण माझ्या आधीच कारखान्यात होते आणि ते हजेरीच्या वहीवर डाव्या हातानं सही करायचे. म्हणूनच मालकांनी सेफ्टी ऑफिसर नेमायचं ठरवलं आणि बोरिवलीहून मी रोज तिथे जायला लागलो. कामगार मला सेफ्टीसाहेब म्हणत. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आल्याआल्या मी पहिलं काम केलं ते पाटी लावण्याचं. गेटच्या कमानीवर आठ फुटी लोखंडी पाटी, पिवळ्यावर काळी अक्षरं: 'हात असतील शाबूत तर घर राहील मजबूत.' ओळ माझीच. पाटी लागली त्या सकाळी मी गेटशी उभा राहिलो. कामगार वर बघत, वाचत, हसत आत येत होते. तेवढ्यात एक बुटका, काटक माणूस आला. खाकी हाफपँट, कुणीतरी टाकून दिलेले दोन नंबर मोठे बूट, बगलेत हिराचा खराटा. त्यानं वर पाहिलं, वाचलं, मान डोलावली आणि कडेच्या छोट्या दरवाजानं वळसा घालून आत आला.

"का हो, इकडून का?" मी विचारलं.

"पाटी झकास हा साहेब. पण ती पडली तर कोणाच्या डोक्यार?"

"पडेल कशी? चार बोल्ट आहेत."

"चार असत. मी नाय म्हणत नाय," असं म्हणून ते खराटा सावरत निघून गेले. हेच रावजी तात्या. त्यानंतर त्या पाटीखालून गेलेले तात्या मी कधीच पाहिले नाहीत.

रावजी तात्या मूळचे कुडाळकडचे. लालबागला राहून पंचवीस वर्षं गिरणीत साचा चालवलेला, म्हणजे कापड विणलेला माणूस. संप लांबला, गिरणी आज उघडेल, उद्या उघडेल म्हणून त्यांनी वर्षभर वाट पाहिली, मग खोली सोडून दहिसरला नदीकाठच्या चाळीत आले आणि मेव्हण्याच्या ओळखीनं आमच्याकडे केर काढायला लागले. साचेवाल्याच्या हातात खराटा आला याचं दुःख त्यांना असणारच, पण ते त्यांनी कधी उगाळलं नाही. एकानं खवचटपणे विचारलंच होतं, तात्या, लाज नाय वाटत? तर म्हणाले, "जमीन पण मशीनचोच भाग असा रे."

इतकी वर्षं मुंबईत काढूनही तात्यांची मालवणी काही सुटली नव्हती. साहेबांशी बोलताना ते शहरी मराठीत सुरुवात करत आणि तिसऱ्या वाक्याला गावी पोचत. बोलणं थोडं. मशीन ठीक चालली असली तर तिच्याबद्दल एकच शेरा: "गप असा." गरम झालेली कुठलीही वस्तू तपासायची तर तळहात लावायचे नाहीत, हाताची मागची बाजू टेकवायचे. आणि कुठेही काही नवीन ठेवलं, टांगलं, रचलं, की त्यांचा तो प्रश्न ठरलेला: "ह्यां पडलां तर कोणाच्या डोक्यार?"

हा प्रश्न सगळ्या कारखान्याच्या तोंडी बसला होता. मी दोन वर्षं अभ्यास करून शिकलो होतो की धोका आधी ओळखावा, मग तो कुणाला आणि किती लागेल याचा अंदाज घ्यावा, मग उपाय करावा. सायक्लोस्टाईल केलेली चांगली जाडजूड नोट्सची चळत होती माझ्याकडे. ती सगळी चळत या माणसानं पाच शब्दांत आटपली होती, आणि तेही मालवणीत.

पण खरं दुखणं सुरू झालं ते डबे पाहिल्यावर.

स्टोअरच्या जिन्याखाली एक फळी होती आणि फळीवर ओळीनं बावीस डबे. डालड्याचे, बिस्किटांचे, बाळदुधाचे. प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं मशीनचा नंबर घातलेला. तात्या केर काढायचे तो प्रत्येक मशीनखालचा वेगळा. एका मशीनचा ढीग दुसरीच्या ढिगात मिसळू द्यायचे नाहीत. मग उकिडवे बसून काडीनं ढीग पसरायचे. पत्र्याचे तुकडे भंगारात, भुसा पोत्यात, आणि त्यात एखादा नट, वायसर, स्क्रू, स्प्रिंगचा तुकडा सापडला तर तो त्या मशीनच्या डब्यात. शनिवारी सुटायच्या आधी अर्धा तास एकेक डबा वर्तमानपत्रावर ओतून बघत बसायचे. मग उठून एखाद्या मशीनसमोर हात मागे बांधून उभे राहायचे आणि फिटरला सांगायचे, "बाराचो पट्टो बघून घे मरे." फिटर बघायचा आणि बाराचा पट्टा सुटायला आलेला असायचा.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"मशीन बोलता कमी, टाकता जास्त," तात्या म्हणाले. "बाराचो डबो ह्या आठवड्यात जड लागलो."

मी तीन पानी तपासणी तक्ता तयार केला होता. त्यात एक प्रश्न होता: मशीनभोवतीची जागा स्वच्छ आहे काय? मी दर आठवड्याला 'होय'वर खूण करायचो. जागा स्वच्छ असायची कारण तात्यांनी ती झाडलेली असायची. म्हणजे जे वाचायला हवं होतं ते हा माणूस उचलून डब्यात भरून ठेवत होता आणि उरलेल्या कोऱ्या जमिनीला मी शंभर टक्के गुण देत होतो.

कामगारांना हा फरक माझ्या आधी कळला होता. मी काहीही सुचवलं की कुणीतरी विचारायचंच, "तात्यांना विचारलंत, साहेब?" यात आघाडीवर वसंत. सात नंबरच्या प्रेसवरचा हा पोरगा जोगेश्वरीच्या एका भजनी मंडळात पखवाज वाजवायचा. मशीन बंद असली की समोरच्या पत्र्यावर याची बोटं सुरू. जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या झाकणावर. सुपरवायझर ओरडला की दोन मिनिटं गप्प, मग पुन्हा टेबलाच्या कडेवर. त्याची सात नंबरची मशीन सगळ्यात जुनी आणि सगळ्यात खोडकर. तिच्या डब्यात दररोज काही ना काही पडायचंच. वसंत तात्यांचा पक्का भक्त होता. "सेफ्टीसाहेब, तुम्ही डिग्रीवाले ना," तो मला एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "पण तात्या म्हणजे तात्या, यार." मी हसलो. हसावंच लागतं अशा वेळी.

खंडेनवमीला तर कमालच झाली. आमच्याकडे त्या दिवशी झाडूनपुसून मशिनींना झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ. कामगार इतक्या मनापासून पूजा करत की कॉम्प्रेसरच्या हवेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाच्या काचेवरही कुंकवाची बोटं उठायची. त्या काचेवर लाल रेघ होती. काटा त्या रेघेपलीकडे गेला की धोका. कुंकवात रेघ दिसेनाशी व्हायची. मशीन तातडीनं बंद करायची लाल बटणं हाराखाली झाकली जायची. मी आठ दिवस आधी नोटीस लावली होती: 'पूजेच्या वेळी काचेस व बटणास कुंकू, हार इत्यादी लावू नये.' नोटिशीलाही कुणीतरी हळदकुंकू लावून ठेवलं.

पूजा झाली, पेढे वाटले. आता हार काढायला सांगायचं म्हणजे कामगारांच्या श्रद्धेला हात घालायचा, युनियनवाले डोक्यावर बसतील, म्हणून मी केबिनमध्ये बसून घाम पुसत होतो. खिडकीतून पाहतो तर तात्या ओलं फडकं घेऊन कॉम्प्रेसरसमोर उभे. आधी त्यांनी खराटा बाजूला ठेवला. बूट काढले. मशीनला दोन्ही हात जोडून, डोळे मिटून नमस्कार केला. मग मोठ्यानं म्हणाले, "पाया पडलंय हां, आता काच पुसतंय." आणि पुसली. तसेच एकेक करत बावीस मशिनी फिरले. नमस्कार, मग हार बटणावरून उचलून शेजारच्या खिळ्याला. एक माणूस चकार शब्द बोलला नाही. उलट दोघंतिघं फडकी घेऊन मदतीला आले. माझ्या नोटिशीची भाषा, वाक्यरचना, सगळं निर्दोष होतं. तिच्यात बूट काढणं तेवढं नव्हतं.

घरीही सुटका नव्हती. एकदा तात्यांवर चिडून मी बायकोला त्यांचा तो प्रश्न सांगितला. वाटलं, ती हसेल. ती उठली, कपाटावर ठेवलेल्या पितळी भांड्यांच्या ट्रंकेकडे बघितलं, खाली मुलीची गादी घातलेली असायची तिकडे बघितलं, आणि मला ती ट्रंक त्याच क्षणी खाली उतरवायला लावली. तेव्हापासून मी घरी आलो की पहिला प्रश्न: "आज तात्या काय म्हणाले?" मी आज काय म्हणालो हे विचारायची पद्धत आमच्या घरातून उठली.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी तात्यांना विचारलं, हे डब्यांचं डोक्यात आलं कुठून? त्यांनी हातातली भाकरी डब्यात ठेवली.

"गिरणीत जमिनीर कापूसच कापूस," ते म्हणाले. "एक दिवस त्या कापसात स्क्रू दिसलो. माझ्या साच्याचो नव्हतो. मी पायान बाजूक केलंय. दुसऱ्या दिवशी शेजारच्या साच्यावरसून धोटो उडालो. पांडू आमच्याच वाडीतलो. डोळो गेलो तेचो."

धोटा म्हणजे साच्यात इकडून तिकडे धावणारी टोकदार लाकडी नळी. ती सुटली की गोळीसारखी जाते.

"तवापासून पायान काय बाजूक करनंय नाय," तात्या म्हणाले आणि भाकरी खायला लागले.

सांगायला संकोच वाटतो, पण तेव्हासुद्धा मला हेवाच वाटला. पांडूच्या डोळ्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त वाटलं ते हे की या माणसाला आपली विद्या कुठून आली ते माहीत आहे, आणि माझी आली आहे सायक्लोस्टाईलच्या कागदातून. हेवा हा असा निलाजरा असतो. दुसऱ्याच्या जखमेकडेसुद्धा तो मिळकत म्हणून बघतो.

आणि मग मी तो उद्योग केला.

दर महिन्याच्या एका शुक्रवारी दुपारी तीनला सेफ्टी कमिटीची बैठक असायची. वर्क्स मॅनेजर, सुपरवायझर, युनियनचे दोघं आणि मी. मागच्या बैठकीत मॅनेजरनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुमच्या तक्त्यात सगळं छान दिसतंय, मग बिघाड आधी त्या झाडूवाल्याला कसे कळतात?" मी ठरवलं की पुढच्या बैठकीत टेबलावर मीच डबा उपडा करायचा. सोमवारपासून मी पहाटेची गाडी धरून सहालाच कारखान्यात यायला लागलो. तात्या साडेसहाला येत. त्यांच्या आधी मी बॅटरी घेऊन प्रत्येक मशीनखाली वाकायचो आणि रात्रपाळीत पडलेल्या वस्तू उचलायचो. संध्याकाळी घरी जायच्या आधीही एक फेरी. माझा डबाही झोकात होता. विलायती चॉकलेटचा, आत कप्पे, प्रत्येक कप्प्यात सुवाच्य अक्षरात नंबराची चिठ्ठी. डबा माझ्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप.

मंगळवारी सातखाली एक स्प्लिट पिन सापडली. केसांच्या आकड्यासारखी दुमडलेली तार असते तशी, बोटाच्या पेराएवढी. मोठी खीळ जागेवरून सरकू नये म्हणून तिच्या भोकात ही घालतात. ती नेमकी कुठल्या खिळीची, हे बघायला मशीनचं बाजूचं झाकण उघडावं लागलं असतं. झाकण उघडायचं तर फिटरला बोलवावं लागलं असतं, आणि फिटरला कळलं की दुपारपर्यंत तात्यांना कळलं असतं. मी माझ्या तक्त्यात लिहिलं: 'सुटी पिन. धोका: कमी.' तो 'कमी' मी कशाच्या आधारावर लिहिला, ते आजही मला माझ्यापुरतंच ठाऊक आहे. शुक्रवार तीनच दिवसांवर होता आणि मला ती पिन टेबलावर हवी होती.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला केबिनच्या दारावर टकटक झाली. तात्या. चार वर्षांत ते कधी माझ्या केबिनमध्ये आले नव्हते. खराटा त्यांनी बाहेर भिंतीला टेकवून ठेवला होता.

"साहेब, चार दिस झाले, डबे रिकामे असत."

"मग चांगलंच आहे की. मशिनी सुधारल्या."

"बावीसच्या बावीस? एकदम?"

मी कुठलातरी कागद पुढे ओढला.

"सातवाली तर मी इल्यापासून एक दिस सुकी गेलेली नाय," तात्या म्हणाले. "रोज टाकणारी चार दिस गप? ती गप नाय साहेब. कोणतरी उचलता हा."

"मला काय विचारता? वॉचमनला विचारा."

"उचलणाऱ्याचां नाव माका नको. वस्तू व्हयी."

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं झालं असतं, मी उलट ओरडलो असतो. केबिनच्या खिडकीतून खाली सात नंबर दिसत होती. वसंत पत्रा ठेवत होता, हात काढत होता, पेडल दाबत होता. मधल्या अर्ध्या सेकंदात त्याची बोटं कडेच्या पत्र्यावर ताल धरून घेत होती आणि पुन्हा आत जात होती. तात्यांनी तिकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पोरगो पखवाज वाजवता, साहेब," ते म्हणाले.

मी किल्ली काढली. ड्रॉवर उघडला. डबा टेबलावर ठेवला. माझे कप्पे, माझ्या चिठ्ठ्या. तात्यांनी त्या वाचल्यासुद्धा नाहीत. बोटानं सगळं पसरलं आणि पिन उचलून उजेडात धरली.

"ही खंय गावली?"

"सातखाली. मंगळवारी."

तात्यांना धावताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ते मोठे बूट लोखंडी जिन्यावर खडखडत गेले. मी मागे. खाली पोचेपर्यंत त्यांनी भिंतीवरचा मेन स्विच ओढलेला होता आणि रांगेतल्या सगळ्या मशिनी एकेक करत थांबत होत्या. सुपरवायझर ओरडत आला, "कोणाच्या ऑर्डरनं बंद केलं? ए तात्या, डोकं फिरलं काय?" तात्या त्याच्याकडे न बघता वसंतला म्हणाले, "हात काढ. बाजूक हो." आणि फिटरला, "झाकण उघड."

झाकण उघडलं. पेडलवरून पाय काढल्यावर वरचा ठोकळा वरच रोखून धरणारी जी खीळ असते, ती जवळजवळ पूर्ण बाहेर आली होती. भोक उघडं, पिन नाही. फिटरनं दोन बोटांनी ती धरली आणि ती लोण्यातून सुरी यावी तशी हातात आली. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. प्रेस डबल मारते म्हणजे काय, ते त्या खात्यात सगळ्यांना माहीत होतं. पेडल न दाबता, हात आत असताना, ठोकळा आपला आपण पुन्हा खाली येतो. वसंतनं दोन्ही हात बगलेत घातले आणि बराच वेळ काढलेच नाहीत.

"पिन कोणाला मिळाली?" सुपरवायझरनं विचारलं. त्याचा आवाज आता खाली आला होता.

तात्यांनी पिन मुठीत धरली होती.

"मशीनखाली गावली," ते म्हणाले. "सेफ्टीसाहेबांनी दाखवल्यानी."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. दुपारी तीनच्या बैठकीत मॅनेजरनी माझं अभिनंदन केलं. युनियनच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून 'हे सगळ्यांचं यश आहे' असं काहीतरी पुटपुटलो आणि खाली बसलो. खरं सांगायची ती वेळ होती. मी सांगितलं नाही. संध्याकाळी वसंत केबिनमध्ये आला आणि चक्क माझ्या पाया पडायला वाकला. मी ओरडलोच त्याच्यावर. त्याला वाटलं, साहेब किती मोठ्या मनाचे.

त्या रात्री बायकोनं नेहमीसारखं विचारलं, "आज तात्या काय म्हणाले?" मी म्हणालो, काही नाही.

सोमवारी मी माझा चॉकलेटचा डबा घेऊन जिन्याखाली गेलो आणि तात्यांसमोर एकेक कप्पा त्यांच्या डब्यात रिकामा केला. नऊमध्ये मी टाकलेला एक वायसर त्यांनी शांतपणे उचलला आणि बारामध्ये टाकला. "तो बाराचो," म्हणाले. बस. पिनेचा विषय त्यांनी काढला नाही, मी काढला नाही. सातला नवी पिन बसली होती. जुनी कुठे गेली, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतर मी तात्यांकडून शिकलो. शनिवारी त्यांच्या शेजारी वर्तमानपत्रावर बसायला लागलो. माझ्या तक्त्यात डब्यांसाठी रकाना आला, फळीची जागा मोठी झाली, फिटरला डबे बघूनच कामाची यादी द्यायची असा नियम मी मॅनेजरच्या सहीनं करून घेतला. कुणाला वाटेल, हेवा संपला. छे! तो वाढला. आधी मी त्यांच्या अकलेवर जळत होतो, आता त्यांच्या गप्प बसण्यावर जळायला लागलो. माझ्या जागी ते असते आणि त्यांच्या जागी मी, तर मी चारचौघांत ती पिन उंच धरून नाव घेतलं असतं. हे मला पक्कं ठाऊक होतं आणि त्यांनाही ठाऊक असणार, असं मला सारखं वाटायचं.

दोन वर्षांनी तात्या निवृत्त झाले. गावी जाणार होते. कामगारांनी हार घातला, वसंतनं कुठूनतरी पखवाज आणून कँटीनमध्ये वाजवला, दहाही बोटांनी. तात्या खाली मान घालून बसले होते. वादन संपल्यावर त्यांचा शेरा एकच: "गप असा."

दुपारी त्यांनी मला जिन्याखाली नेऊन डबे ताब्यात दिले. मी मोजले. तेवीस भरले.

"मशिनी बावीस आहेत, तात्या. हा कसला?"

शेवटचा डबा छोटा, बाळदुधाचा. त्यावर नंबर नव्हता.

"तो मशीनचो नाय," तात्या म्हणाले. "मी गेल्यार बघा."

पाचचा भोंगा झाला. मी केबिनच्या गेटकडच्या खिडकीतून पाहत होतो. सगळे तात्यांना गेटपर्यंत सोडायला निघाले होते, मधे तात्या, गळ्यात हार, पायात तेच मोठे बूट. गेटशी आल्यावर सगळा घोळका पाटीखालून बाहेर पडला. तात्या थांबले. वर बघितलं. हार सावरला आणि कडेच्या छोट्या दरवाजानं वळसा घालून गेले.

मग मी जिन्याखाली गेलो आणि तो डबा उघडला. आत एकच वस्तू होती. त्या मंगळवारची पिन. सातच्या डब्यात टाकायची ती त्यांनी टाकली नव्हती. सातनं ती टाकली ती मंगळवारीच; त्यापुढचे तीन दिवस ती दडवून ठेवली होती मी. बिननंबरी डबा माझा होता. दोन वर्षं हा डबा त्या फळीवर होता, दर शनिवारी मी त्याच्या शेजारी बसत होतो, आणि त्यात दुसरं काही पडलं नव्हतं.

पिन उजेडात धरून पाहिली. मुंबईच्या दमट हवेत एवढीशी तार महिनाभरात लाल होते. हिच्यावर गंजाचा ठिपका नव्हता. तात्या तिला तेल लावत आले होते.